जोडदगड आढळले नाहीत

ज्या वाक्याने ती शाळा पडली, ते वाक्य मी त्या शाळेसाठी लिहिलेलंच नव्हतं.

ते दुसऱ्या एका घराच्या अहवालातलं होतं. ते घर माझ्या मूळ जिल्ह्यातलं, मराठवाड्यातलं, आणि त्या घराबद्दल ते वाक्य खरं होतं. नवा अहवाल करताना मी जुनी फाइल उघडली. नाव, पत्ता, मापं, फोटो बदलले. ते वाक्य तसंच राहिलं. पान सहा, मुद्दा चौथा: 'भिंतीत जोडदगड आढळले नाहीत.' खाली माझी सही, शिक्का, परवाना क्रमांक.

जुन्या इमारती तपासून त्या उभ्या राहू शकतात की नाही हे लिहून देणं हा माझा धंदा आहे. थेरगावात डांगे चौकाजवळ एका जिन्याखाली माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. बहुतेक कामं सोसायट्यांची, नाहीतर चिखलीतल्या वर्कशॉपच्या शेडची. दगडी इमारत आमच्या वाट्याला क्वचित येते. म्हणून जोडदगड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

जुनी दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण असतात त्या दोन. एक बाहेरच्या बाजूची, एक आतल्या बाजूची, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या आणि चुना, किंवा नुसती माती. ह्या दोन्हींना धरून ठेवायला मधूनमधून एक लांब दगड भिंतीच्या आरपार टाकावा लागतो. त्याचं एक तोंड अंगणात दिसतं, दुसरं खोलीत. तो जोडदगड. तो नसला तर भिंत उभी असते, पण तिच्या दोन बाजूंचा एकमेकींशी संबंध नसतो. जमीन हलली की त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारख्या उघडतात.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा आमच्याकडे भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंती गोट्यांच्या, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचं जड माळवद. माझी ताई आतल्या भिंतीलगत निजायची, कारण उन्हाळ्यात ती भिंत गार असायची. तीच सवय पुढेही राहिली. त्या पहाटे भिंतीची आतली बाजू तेवढी पडली, ताईवर. बाहेरून बघणाऱ्याला घर उभं दिसत होतं.

पुढे मी डिप्लोमा केला, पुण्याकडे आलो, ह्या पट्ट्यात कंपन्यांच्या शेड उभ्या राहताना त्यांच्या पायाच्या खड्ड्यांत उभा राहिलो, मग स्वतःचं काम सुरू केलं. घर घेतलं ते काँक्रीटचं, पुनावळ्यात, अकराव्या मजल्यावर. दगडी भिंतीला टेकून मी आजही बसत नाही. पुढे मी जे केलं त्याचं हे कारण आहे की सबब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वाचणाऱ्याने ठरवावं.

ती शाळा चाकणच्या अलीकडे, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या एका गावात होती. काळ्या घडीव दगडाची, तीन मोठे वर्ग एका ओळीत, पुढे कमानींचा व्हरांडा, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सरकारने अशा शाळा, कचेऱ्या, डाकबंगले जागोजागी बांधले. नकाशे वरून छापून यायचे आणि गावोगावचे गवंडी ते उभे करायचे. त्याच काळात मुंबईत आणि पुण्यात मोठी स्टेशनं, कॉलेजं, न्यायालयं झाली, टोकदार कमानींची, मनोऱ्यांची. डिप्लोमाला त्यांच्यावर एक धडा होता. त्या इमारती ज्या साहेबांनी कागदावर काढल्या त्यांची नावं आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती, इमारत डावीकडे, साहेब उजवीकडे, जोड्या लावा. दगड कुणी घडवला ही तिसरी ओळ त्या तक्त्यात नव्हती, आणि ती नाही हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ह्या शाळेच्या मधल्या दारावरही संगमरवरी पाटी होती. तिच्यावर इंग्रजीत वर्ष आणि त्या वेळच्या साहेबाचं नाव.

"ह्यो सायेब इथं दोनदा आला," माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं. "एकदा दगुड ठेवायला, एकदा फीत कापायला."

मी वळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी अडकवलेले एक गृहस्थ उभे होते. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. पिंपरीतल्या एका कारखान्यात मशिन शॉपला त्यांनी उभी हयात काढली होती आणि निवृत्त होऊन गावी परत आले होते. घराणं गवंड्यांचं. ही शाळा त्यांच्या पणजोबांनी बांधली, असं ते म्हणत. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्याची थोडी थट्टाही करत.

माझ्याबरोबर शाळा समितीचे अध्यक्ष होते. ते हसले. "आप्पा, साहेबांना कामाचं बघू द्या. पणज्याची कीर्तनं नंतर लावा."

"लावतो की. तुमी काय ऐकायला थांबताय व्हय?" आप्पा म्हणाले, आणि मला हाताने खुणावत व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले.

तिथे भिंतीवर त्यांनी एक दगड दाखवला. त्याच्या कोपऱ्यात छिन्नीने कोरलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा आणि त्याच्यावर एक आडवी रेघ. मग चार-पाच फुटांवर दुसरा. मग वरच्या थरात, दोघांच्या मधोमध, तिसरा. एकदा डोळा बसला की सगळ्या भिंतीवर त्या खुणा दिसायला लागल्या, ओळीने, जाळीसारख्या.

"पणज्याची खूण," ते म्हणाले. "जितं ही खूण, तितं भितीत दगुड आरपार. हिकडनं तिकडं येकच. साहेबाच्या ड्रॉइंगात न्हवता असला दगुड. ह्यानं सोताच्या मनानं घातला, आन् नजर चुकू नये म्हून खूण केली. आतल्या अंगाला बी हाय खूण, समोरासमोर. पर आत ऑइल पेंट मारलाय. खरवडून दाखवू का?"

त्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढलीही होती.

मी म्हणालो, "राहू द्या आप्पा. भिंतीचा रंग खराब होईल."

हे मी म्हणालो. जी भिंत पाडा असं मी आठवड्याभरात लिहून देणार होतो, तिचा रंग खराब होईल म्हणून मी तिच्यावर चार बोटं खरवडू दिली नाहीत. त्यांनी पट्टी परत खिशात घातली. वाद घातला नाही. कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, ही शिस्त अंगात मुरलेली.

खरं कारण असं होतं. नवी इमारत बांधून द्यायचं शेजारच्या एका कंपनीने कबूल केलं होतं, पण जागा मोकळी हवी होती. समितीला धोकादायक असल्याचा दाखला हवा होता. मला कुणी काही देऊ केलं नाही, कुणी धमकावलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले होते, "पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे, साहेब. तुम्ही तर भूकंपाच्या भागातले. तुम्हाला काय सांगायचं." तिसऱ्या वर्गाच्या कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक भेग होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, आणि मला तिच्या पलीकडे आमचं घर दिसलं. वर्गात भिंतीलगत मुलांची चटई होती. भिंतीला पाठ टेकून एक मुलगी चित्र रंगवत होती. मी तिला उठवून मधे बसायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

घरी आलो तेव्हा माझं ठरलं होतं. बाकी नुसतं लिहायचं होतं. जुनी फाइल उघडली. चौथ्या मुद्द्यावर आलो तेव्हा हात थांबला, एवढं मला आठवतं. जोडदगड आढळले नाहीत. मी स्वतःला म्हणालो, खोटं कुठे आहे? मला आढळले नाहीतच. मी शोधले नाहीत म्हणून आढळले नाहीत, हा भाग अहवालाच्या नमुन्यात लिहायला जागा नसते.

बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं. पाडावी लागेल." ती म्हणाली, "बरं झालं, वेळेवर कळलं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा पाडायला घेतली. पाडताना मी हजर राहावं, असं समितीचं म्हणणं होतं. कौलं, वासे, सागवानी कैच्या आदल्या दिवशीच उतरवल्या होत्या. संगमरवरी पाटी जपून काढून पोत्यात गुंडाळून अध्यक्षांच्या घरी नेली होती. उघड्या भिंती उन्हात उभ्या होत्या. आप्पा रस्त्यापलीकडे चिंचेखाली एका उपड्या बादलीवर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनीही केला.

जेसीबीचा ऑपरेटर हसतमुख माणूस होता. त्याने सकाळीच मला विचारलं होतं, "किती टाइम लागंल साहेब?"

"दुपारपर्यंत भुईसपाट होईल," मी म्हणालो. "भिंती आतून सुट्या आहेत."

त्याने बकेट उचलून पहिल्या भिंतीवर ठेवली आणि रेटली. मशीनचे मागचे टायर जमिनीवरून उचलले गेले. भिंत तशीच. त्याने पुन्हा रेटली. चुन्याची थोडी भुकटी पडली. तो एकेक दगड वरून ओरबाडायला लागला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका भिंतीचे वरचे दोन थर निघाले होते. तो खाली उतरला, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुमचा कागद परत एकदा वाचून दाखवता का हिला? हिला अजून कळलेलं दिसत न्हाई की ती पडायला आलीय."

आजूबाजूचे चार-दोन लोक हसले. अध्यक्षही हसले. मीही हसलो. चिंचेखाली आप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ब्रेकर मागवला. दगड फोडायचा तो हातोडा दिवसभर धडधडत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मोठा तुकडा एकदम सुटून आडवा पडला, आणि भिंत मधोमध कापल्यासारखी समोर आली. केकचा काप दिसतो तशी. बाहेरचा थर, आतला थर, मधे घट्ट पांढरा चुना, आणि दर काही थरांनंतर एक लांब काळा दगड, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत अखंड. एक, त्याच्या वर सरकून दुसरा, त्याच्या वर तिसरा. दोन्ही टोकांना घडीव. बाहेरच्या टोकाला खूण. आतल्या टोकाला, हिरव्या ऑइल पेंटखाली, तीच खूण.

मी जवळ गेलो. ऑपरेटर वरून ओरडला, "साहेब, मागं व्हा." मी मागे झालो नाही. एक दगड पायाशी पडला होता. मी टेप काढून त्याची लांबी मोजली. दोन फूट. भिंतीची जाडी मी अहवालात लिहिली होती, दोन फूट.

कोपऱ्यातली ती भेगही तिथेच उघडी पडली होती. आत चुन्याच्या सफेदीचे पापुद्रे होते, एकावर एक, पुष्कळ. म्हणजे भेग फार जुनी. कित्येक दिवाळ्यांना गावाने तिच्यात ब्रश फिरवला होता आणि ती तेवढीच राहिली होती. बांधल्यावर पाया एकदा बसला असेल, मग थांबला असेल. एवढं शिकलेल्या माणसाला एका दृष्टिक्षेपात कळायला हवं. मी तिचे फोटो काढले होते, बारा. त्या फोटोंतही सफेदी दिसते. मी नंतर पाहिलं.

आप्पा कधी उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी वाकून पायाशी पडलेल्या दगडाच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"घावला का साहेब?" ते म्हणाले.

एवढंच. आवाजात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी म्हणायला हवं होतं की थांबवा. एक भिंत आणि दोन अर्ध्या भिंती अजून उभ्या होत्या. निदान एक वर्ग वाचला असता. मी मान हलवली आणि ऑपरेटरला हात केला, चालू द्या. त्या हाताबद्दल मला त्या वाक्यापेक्षाही जास्त लाज वाटते. वाक्य लिहिताना मला माहीत नव्हतं असं निदान म्हणता येतं. हात केला तेव्हा मला सगळं माहीत होतं.

दगड ठेकेदाराने नेले. हायवेवर कुठल्याशा हॉटेलच्या कंपाउंडला लागले, असं नंतर कळलं. आप्पांनी त्यांतले खुणेचे दगड मागून घेतले आणि टेम्पो करून आपल्या दारात नेऊन टाकले.

नवी इमारत झाली. चांगली आहे. हवेशीर आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, वर पत्र्याची शेड आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. समितीने उद्घाटनाला मला शाल आणि नारळ दिला. ती शाल कपाटात आहे.

दोन वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. चाकणला काम निघालं की तळेगावकडून वळसा घालायचो. बायकोला वाटायचं ट्रॅफिक टाळतो. मग एकदा तिनेच विचारलं, "तुम्ही हल्ली अहवाल लिहायला इतका वेळ का लावता?" मी लावत होतो. चिखलीतल्या पत्र्याच्या साध्या शेडलाही दोनदोनदा जायचो, नट हाताने फिरवून बघायचो. मी तिला सगळं सांगितलं. शाळा, खूण, स्टीलची पट्टी, हात.

ती म्हणाली, "तुम्ही ताईंच्या भिंतीवर राग काढलात. पण ती भिंत ती नव्हती."

मी म्हणालो, "हो."

"मग हे मला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी मी आप्पांच्या घरी गेलो. ते अंगणात होते. खुणेचे दगड त्यांनी भिंतीलगत ओळीने मांडून ठेवले होते. एकावर तुळशीची कुंडी, एकावर नातवाचे बूट वाळत घातलेले. मी उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर कदाचित बोललो नसतो. ते वाक्य जुन्या अहवालातलं होतं हे सांगितलं. तुमची भिंत चांगली होती, आणखी शंभर वर्षं राहिली असती, हे सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आत हाक मारून चहा सांगितला. मग म्हणाले, "आमच्या शॉपला येक इन्स्पेक्टर हुता. जॉब न मोजता ओके मारायचा. पर त्येला लंचला जायची घाई असायची म्हून. तुमाला कसली घाई हुती?"

मी त्यांना भूकंपाचं सांगितलं. ताईचं सांगितलं. सांगताना वाटलं की मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतो आहे, म्हणून मधेच थांबलो. ते म्हणाले, "वाईट झालं." मग म्हणाले, "पर त्यात पणज्याची काय चूक?"

चहा आला. आम्ही प्यालो. मी विचारलं, मी काय करू? त्यांनी ओळीतल्या दगडांकडे बोट केलं.

"ही भीत होती तवर ती सोताच सांगायची कुणी बांदली ते," ते म्हणाले. "आमाला कायबी सांगावं लागत न्हवतं. आता ती न्हाई. नव्या शाळेत साहेबाची पाटी तेवढी लावलीया. उद्या माजा नातू म्हनंल आमच्या खापरपणज्यानं शाळा बांदली, तर पोरं म्हनतील दाव. काय दावंल? बूट वाळवायचा दगुड?"

मी म्हणालो, मी त्या इमारतीचा नकाशा काढून देतो. माझ्याकडे मापं होती, सगळी. अहवालासाठी मी प्रत्येक कमान, प्रत्येक खिडकी मोजली होती. मोजण्यात मी हयगय केली नव्हती, बघण्यात केली होती. पाडतानाचे फोटो होते. आप्पांच्या दारातले दगड होते.

सहा महिने मी रविवारी ते काम केलं. कॉम्प्युटरवर नाही, हाताने, मोठ्या कागदावर. काढताना मला ती इमारत पहिल्यांदा दिसली, आणि तेव्हा ती नव्हती. छापील नकाशात व्हरांडा पश्चिमेला असतो. अशा शाळांचे जुने नकाशे मी मिळवून पाहिले. ह्या माणसाने तो पूर्वेला घेतला होता आणि पश्चिमेची बाजू जवळजवळ बंद ठेवली होती, म्हणून पावसाची झड वर्गात येत नव्हती. जोतं दीड फूट उंच घेतलं होतं, कारण पलीकडच्या ओढ्याला कधीतरी पाणी येत असणार. कमानींचे दगड त्याने दोन आकारांत घडवले होते, मधल्या कमानीचे जरा रुंद, कारण कैचीचा भार तिच्यावर जास्त होता. ह्या सगळ्याला आज आम्ही डिझाइन म्हणतो आणि त्याखाली सही करतो. त्याला सही येत असेल की नाही मला माहीत नाही. त्याने खळगा आणि रेघ केली, ज्याला बघायचं आहे त्याने बघावं म्हणून.

समोरचं दृश्य काढलं, वरून दिसणारा आडवा नकाशा काढला, आणि तिसरं चित्र भिंतीच्या छेदाचं, जोडदगड जसेच्या तसे. आप्पा दर महिन्याला ऑफिसात येऊन बघून जायचे. मशिन शॉपचा माणूस. रेघ अर्धा मिलिमीटर चुकली तरी बोट ठेवायचे. एकदा म्हणाले, "साहेब, आता बरं बघताय तुमी." आणि जिना उतरून गेले.

नकाशा पुरा झाल्यावर मी अध्यक्षांकडे गेलो. तो शाळेत साहेबाच्या पाटीशेजारी लावावा, असं म्हणालो. त्याबरोबर माझा अहवाल चुकीचा होता असं लिहिलेलं पत्रही दिलं. त्यांनी पत्र वाचलं, घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"राव, हे कशाला उकरता?" ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. "नकाशा छान आहे, लावू की. आप्पांचं मन राहील. पण हे पत्र कुठं दाखवलं तर उद्या तुमचा परवाना जाईल, आणि आम्हाला विचारतील शाळा का पाडली. पोरं नव्या वर्गात बसलीत. झालं ते झालं."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पत्र खिशात घालताना खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी सांगितलं होतं, त्यांनी घेतलं नाही, आता माझ्याकडे काही नाही. नकाशा लागणार होता. गवंड्याचं नाव लागणार होतं. मी तसाच आप्पांच्या घरी गेलो आणि कागद त्यांच्या ओसरीवर पसरला. खालच्या उजव्या कोपऱ्यात मी चौकट आखली होती. त्यांनी पणजोबांचं नाव सांगितलं, सावकाश, वडिलांच्या नावासकट. मी ते लिहिलं. इथे लिहीत नाही. ते तिथे आहे, ज्याला वाचायचं त्याने तिथे जाऊन वाचावं.

"बांधणारा" ह्या शब्दापुढे ते नाव. त्याखाली मी "नकाशा" लिहिलं होतं आणि पुढची जागा कोरी ठेवली होती. आपलं नाव घालावं की नाही, हे मी ठरवत होतो. नम्रपणा म्हणून घालू नये, असं वाटत होतं.

आप्पांनी चष्मा लावला. बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं. "हितं तुमचं लिवा."

"राहू द्या, आप्पा. माझं काय त्यात."

"लिवा," ते म्हणाले. "आन् त्याच्या खाली आजून येक वळ करा. कुनी बांदली ते लिवलं. कुनी पाडली ते बी लिवा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"पहिल्या कागदावर सही केली हुती ना तुमी?" ते म्हणाले. "शिक्क्यासकट. तो कागुद फायलीत हाय. माज्या पणज्याची भीत सुटी हुती, असं त्याच्यात अजून लिवल्यालं हाय. उद्या कुनी तो काडला, आन् हा न काडला, तर? दोन्ही कागदावर येकच सही पायजे. मंग वाचनारा बगंल, कंचा खरा."

अध्यक्ष, परवाना, ऑफिस, मुलीचं कॉलेज, सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. नकाशा शाळेच्या भिंतीवर लागणार होता, समितीच्या, पालकांच्या, कंपनीच्या पाहुण्यांच्या नजरेसमोर. खिशातलं पत्र घडी करून परत देता येत होतं. हे देता आलं नसतं.

मी पेन घेतलं. नकाशापुढे माझं नाव लिहिलं. त्याखाली रेघ आखून लिहिलं: 'ही भिंत सुटी असल्याचा अहवाल ह्याच इसमाने दिला होता. तो चुकीचा होता. जोडदगड होते.' सही केली. शिक्का ऑफिसात होता. आप्पा म्हणाले, "शिक्का बी पायजे." मी तिथून थेरगावला गेलो, शिक्का घेतला, आणि त्याच दुपारी परत आलो.

ते ओसरीवर त्याच जागी बसले होते. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या दोन टोकांवर त्यांनी दोन खुणेचे दगड ठेवले होते. कसे उचलून आणले कोण जाणे. मी शिक्का मारला. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.